आधी मागची टाकी

त्यांनी मला खोली दाखवण्याआधी गटाराचं झाकण उघडून दाखवलं.

सिडकोतल्या त्यांच्या घराच्या मागे, धुण्याच्या दगडाशेजारी ते लोखंडी झाकण होतं. ते त्यांनी स्वतः वाकून उचललं. "इथून पाणी जातं. हे तुंबलं की वर तुमच्या बाथरूममध्ये वास येणार. आता खोली बघा." मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून नुकती रुजू झाले होते आणि खोली शोधत होते. त्याआधीच्या घरमालकांनी मला गॅलरीतून दिसणारी पांडवलेण्याची टेकडी दाखवली होती. गटार दाखवणारे हे पहिलेच.

अट एक होती. "या घरात ऐकलेलं पेपरात जाणार नाही. चालेल?"

मी चालेल म्हणाले. ही अट पुढे किती जड होईल याचा अंदाज तेव्हा दोघांनाही नव्हता.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या सुट्या भागांवर मुलामा चढवणारा एक कारखाना होता. तिथल्या सांडपाण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. खातं म्हणजे ते, एक टेबल आणि मागच्या भिंतीला लागून असलेल्या काही टाक्या. ओळख करून देताना ते म्हणत, "कारखान्यात बाकीचे सगळे माल बघतात. मी उरलेलं बघतो."

उरलेलं बघण्याची ही सवय कारखान्यापुरती नव्हती. लग्नाला गेले की ते अक्षता टाकून मांडवाच्या मागे जात, जिथे ताटं घासली जातात तिथे. परत येऊन बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कानाशी निकाल सांगत, "वरण घेऊ नकोस. फार टाकलंय लोकांनी." मिसळ खायला बसले की वाटीतली तर्री आणि रस्सा वेगळा होईपर्यंत हात लावत नसत. वेटर विचारी, "साहेब, काही पडलंय का?" ते म्हणत, "पडू दे, तेच बघतोय." दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मुलीला शाळेत मिळालेल्या ढाली होत्या, एक ताजमहाल होता आणि दोघांच्या मध्ये काचेच्या बरणीत करड्या रंगाची एक ढेप होती. तो कारखान्याच्या पाण्यातून निघालेला गाळ, वाळवलेला. हळदीकुंकवाला बायका यायच्या तेव्हा काकू त्या बरणीवर विणलेला रुमाल टाकत. बायका गेल्या की ते रुमाल काढत.

सकाळी पेपर वाचून झाला की ते जिन्याखाली उभे राहून मला हाक मारत. "पत्रकार बाई, मागं काय राहिलं?"

पहिल्या खेपेला मला प्रश्न कळला नाही. आदल्या दिवशी एका नव्या जलशुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनाची बातमी मी संपादित केली होती. ते म्हणाले, "पाणी गाळलं, शुद्ध झालं, पाहुण्यांनी फीत कापली, सगळं आलं. गाळलं म्हणजे गाळ निघाला असणार. तो कुठे टाकला?" मी कार्यालयात जाऊन वार्ताहराला विचारलं. त्याने पाहुण्यांना विचारलं नव्हतं. त्यानंतर मी बातमी सोडण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारू लागले. बहुतेक वेळा उत्तर नसे.

बसले की त्यांचा उजवा पाय हलत असे. गुडघ्यापासून खाली, बारीक आणि सारखा. काकू म्हणत, "पाय हलवू नका. घरात लक्ष्मी टिकत नाही."

"लक्ष्मी टिकत नाही ते माहीत नाही. गाळ बसत नाही."

"तुमच्या पायावर कसला गाळ बसतोय?"

यावर ते हसत, पण पाय थांबत नसे. पुढे कारखान्यात जे यंत्र आलं त्याचा या पायाशी संबंध होता, असं काकूंचं ठाम मत होतं.

यंत्राची गोष्ट सांगण्याआधी अडचण सांगायला हवी. मुलामा चढवल्यावर भाग धुतले जातात. ते धुणं धातू आणि क्षार घेऊन निघतं. कारखान्याने त्यासाठी आरओ बसवला होता. आरओने त्यातलं बरंचसं पाणी स्वच्छ होऊन पुन्हा वापरात येई, आणि मालक आलेल्या प्रत्येकाला ते ग्लासात धरून दाखवत. पण आरओच्या दुसऱ्या नळीतून जे निघे ते आधीच्यापेक्षा जाड, खारं आणि जास्त वाईट असे. ते मागच्या टाकीत साठायचं. टाकी भरली की नाल्यात वाहायचं, आणि नाला खालच्या गावाच्या विहिरीजवळून जायचा. विहिरीचं पाणी मचूळ लागतं अशी गावाची तक्रार होती. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली, मंडळाची नोटीस आली. ठरलेल्या दिवशी अधिकारी येऊन पाण्याचा नमुना घेतील. तो नापास झाला तर कारखान्याची वीज आणि पाणी तोडण्यात येईल.

हे जाड पाणी साध्या पडद्यातून गाळता येत नव्हतं. गाळ पडद्यावर चिकटायचा, थर जमायचा आणि पाणी थांबायचं. त्यांनी कुठल्याशा मासिकात परदेशी यंत्राबद्दल वाचलं होतं, ज्यात पडदाच सारखा हलता ठेवतात. तबकांसारखे पडदे एकावर एक रचून पिंपात बंद केलेले, ते पिंप एका जाड पोलादी दांड्यावर उभं, आणि खालची मोटार त्या दांड्याला इकडून तिकडे पीळ देत राहते, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा, पण अतिशय वेगाने. गाळाला चिकटायला उसंत मिळत नाही.

मालकांना हे पटवायला ते काकूंची पिठाची चाळण घेऊन कारखान्यात गेले. टेबलावर कागद पसरला, चाळणीत कणीक ओतली आणि चाळण स्थिर धरून उभे राहिले. काही पडलं नाही. मग हलवली. मालकांनी पुण्याच्या एजंटाकडून ते यंत्र चाचणीसाठी मागवायला होकार दिला. घरी चाळण परत आली तेव्हा काकू म्हणाल्या, "हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. याला परदेशातून मशीन कशाला आणायला लागलं?"

"तुला कुणी विचारलं नाही म्हणून."

"तुम्हीपण नाही विचारलंत."

यंत्र आलं आणि चाललं. ते चालवायला रामदास नावाचा कामगार दिला होता. पेठच्या बाजूचा, पस्तिशीचा, बोलायला फटकळ. यंत्रावर तळहात ठेवून थरथर ओळखायला त्यांनी त्याला शिकवलं. एक नियम पुन्हा पुन्हा सांगितला: यंत्र कधीही नुसतं बंद करायचं नाही. आधी आत स्वच्छ पाणी सोडायचं, हलत्या यंत्रातून जाड पाणी पूर्ण धुऊन काढायचं, मगच बटन. नाहीतर आतलं पाणी स्थिर होतं आणि पडद्यावर दगडासारखं धरतं.

मंडळाने नमुन्याचा दिवस कळवला. दसऱ्याची सुट्टी झाल्यावरचा पहिला कामाचा दिवस.

खंडेनवमीला मला सुट्टी होती. ते सकाळी मंडळाच्या कार्यालयात जाऊन आले आणि खालून म्हणाले, "मशीन बघायचंय म्हणत होता ना? चला." मी स्कूटरवर मागे बसले. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा पूजा आटोपली होती. कारखान्यात एवढी शांतता मी पाहिली नव्हती. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, समोर फोडलेला नारळ. एका पाटावर पाने, हातोडे, पक्कडी ओळीने मांडलेल्या, त्यांच्यावर फुलं. माणसं पेढे वाटत होती.

ते न थांबता मागच्या बाजूला गेले. यंत्राला सगळ्यांत मोठी माळ होती. ते बंद होतं.

"धुतलं होतं का?" त्यांनी विचारलं.

रामदासच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. "साहेब, भटजी आले आन् मेन स्विच पाडला. दर साली पाडत्यात. समदं एकदम बंद होतं. मी धुवाया गेलो तवर लाइट गेली."

"किती वेळ झाला?"

"झाला की. आरती झाली, परसाद झाला."

ते मेन स्विचकडे चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो. माणसं पेढे वाटायची थांबली. त्यांनी स्विचच्या दांड्याला हात घातला.

"साहेब," रामदास म्हणाला, "पूजलेल्या मशीनकडनं आज काम करून घेत नाय. उद्या दसऱ्याची पूजा झाल्यावर लावायचं."

"उद्यापर्यंत आत दगड होईल. परवा नमुना आहे. नापास झाला तर सगळंच बंद, माळा काढायलापण कुणी आत येऊ शकणार नाही."

"कळतंय मला. तुम्ही लावलं तर तुमचा हात कोण धरणार नाय. पण मग उद्यापासनं हिच्यापाशी आमच्यातला कोण उभा राहणार नाय. मीबी नाय."

 हे धमकीसारखं म्हटलेलं नव्हतं. तो त्यांना एक वस्तुस्थिती सांगत होता, आणि ती तशीच आहे हे आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. त्यांनी दांडा धरून ठेवला. मग हात खाली घेतला, यंत्राशी परत आले आणि शेजारच्या स्टुलावर बसले. पाय हलायला लागला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "रामदास, काम करून घ्यायचं नाही. पाणी घातलेलं चालतं?"

रामदासने ताट खाली ठेवलं. विचार केला. "देवाला घालतोच की. पाणी घालाया कोण नाय म्हणतो?"

"बटन नाही. मोटार नाही. वरच्या माचीवर पाण्याचं पिंप ठेवायचं, नळीने स्वच्छ पाणी आत सोडायचं, खालून जाड पाणी काढायचं. मशीन ओली राहिली पाहिजे, एवढंच."

"खालचा व्हॉल्व्ह खोलाया पाना लागंल," रामदास म्हणाला आणि पाटाकडे बघितलं. पाने फुलांखाली होते.

सगळे त्या पाटाकडे बघत राहिले. मग ते स्टुलावरून उठले आणि फाटकाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्कूटरच्या डिकीतला पाना होता. "स्कूटर घरी जाऊन पुजायची आहे. तिचा पाना अजून मोकळा आहे."

मागून कुणीतरी हसलं. तणाव तेवढ्यापुरता सैल झाला.

दुपारभर ते चाललं. बादल्या वर जात होत्या, खालून आधी तपकिरी आणि मग फिकट पाणी येत होतं. हलवता येत नव्हतं म्हणून त्यांनी यंत्राच्या पिंपाला तळहाताने थोपटायला सांगितलं. "ठोकू नका. शेजाऱ्याचं दार वाजवता तसं." माणसं पाळीपाळीने थोपटत होती. ज्यांना घरी जायचं होतं तीही बराच वेळ थांबली. माळ कुणी काढली नाही. तिच्या खालून हात घालत होते. निघताना मी विचारलं, एवढ्याने वाचेल का? ते म्हणाले, "माहीत नाही."

दसऱ्याला पूजा झाल्यावर यंत्र सुरू केलं. चाललं. पाणी स्वच्छ येत होतं, पण धार नेहमीच्या निम्मी. पडदे अर्धे वाचले होते. म्हणजे उरलेलं पाणी मागच्या टाकीत तुंबत जाणार होतं, आणि टाकी आधीच काठाला आली होती.

मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "नमुना पुढच्या नळाचा घेणार. तो स्वच्छ आहे. चहा पाजा आणि सोडा." मागच्या टाकीच्या झाकणावर ताडपत्री टाकून रिकामी पिंपं रचून ठेवली होती.

माझ्या मुख्य वार्ताहरांनी त्या तपासणीला मला जायला सांगितलं. घरमालकाची बातमी भाडेकरूने करू नये, असं मी त्यांना सांगितलं आणि बाजूला राहिले. त्यामुळे त्या दिवशी काय झालं ते मला संध्याकाळी व्हरांड्यात कळलं, रामदासच्या तोंडून. तो चार-पाच जणांना घेऊन आला होता. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"साहेब, नमुना पास होता. बाटली भरली, बूच लावलं, साहेब लोक गाडीकडं निघाले. तुम्ही त्यांना मागं का नेलं?"

ते खुर्चीत बसले होते. "त्यांनी विचारलं, अजून काही दाखवायचं आहे का. मी काय म्हणायला हवं होतं?"

"नाय म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच. समदे तेच म्हणत्यात." त्याचा आवाज चढला. "तुम्ही सोताच्या हातानं पिंपं सरकवली. झाकण उचलून दाखवलं. आता टाकी रिकामी होईस्तवर माल काढायचा नाय म्हणून हुकूम झाला. दिवाळी तोंडावर हाय. घरी काय सांगू मी? आमच्या साहेबानं झाकण उचललं म्हणून?"

"तसंच सांग."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. कुणी कप घेतला नाही.

"टाकी दोन दिवसांत वाहिली असती, रामदास."

"वाहू द्यायची. इतकी वर्सं वाहिलीच की."

"मग नवमीला त्या मशीनला दुपारभर थोपटत का बसला होतास?"

 रामदासच्या मागचा एक जण फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. तो हलत नव्हता. माझ्या आठवणीत तेवढ्या एकाच वेळी.

"हुकूम माल काढायचा नाही असा आहे," ते शेवटी म्हणाले. "मशीन चालवू नका असा नाही. मी उद्या सकाळी जाणार आहे. पडदे धुऊन धार वाढवता येते का ते बघतो. कुणी यायलाच हवं असं नाही."

माणसं गेली. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "अगं, तू तरी घे. गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदास आला होता. एकटाच. त्या दिवशी त्याने त्यांच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. पडदे कधी आम्लाने, कधी सोड्याने, पुन्हा पाण्याने असे धुतले जात होते. धार सावकाश वाढली. हळूहळू बाकीचेही आले. काही आलेच नाहीत. परतीचा पाऊस बाकी होता. एके दुपारी त्र्यंबकेश्वरच्या बाजूने आभाळ भरून आलं तेव्हा ते जेवणावरून उठले आणि हात धुऊन निघाले. टाकीत पावसाचं पाणी पडलं असतं तर सगळं वाहून नाल्यात गेलं असतं. मालकांनी टाकी लपवायला आणलेली ताडपत्री त्या दिवशी टाकीवर ताणून बांधली, आणि चारी कोपरे माणसांनी पाऊस थांबेपर्यंत धरून ठेवले.

वसुबारसेच्या आत टाकी रिकामी झाली. मंडळाने येऊन पाहिलं, कारखाना सुरू झाला. आमच्या पेपरात चार ओळींची बातमी आली. सकाळी ते जिन्याखाली आले, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. शोकेसमध्ये दुसरी बरणी आली होती. टाकीच्या तळाशी जे निघालं त्यातलं मूठभर वाळवून त्यांनी ठेवलं होतं.

मालकांनी त्यांना काढलं नाही. त्यांचं टेबल स्टोअरमध्ये हलवलं आणि सांडपाण्याचं खातं दुसऱ्याकडे दिलं. यंत्र मात्र ठेवलं. मंडळाची अटच होती. काही कामगार त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्या दिवाळीच्या बुडालेल्या दिवसांचा राग होता, आणि तो राग खोटा होता असं मला कधी वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं. गुढीपाडव्याच्या सुमाराला त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं नामपूरला, त्यांच्या गावी गेली. दोन्ही बरण्या काकूंनी मुलीच्या ढालींबरोबर स्वतः कागदात गुंडाळल्या.

बऱ्याच वर्षांनी, मी उद्योगाच्या बातम्या करत असताना, खंडेनवमीला अंबडला गेले. कारखान्यांतल्या पूजेवर काही लिहायचं होतं. त्या कारखान्यात मला ओळखणारं कुणी असेल असं वाटलं नव्हतं. आत तीच शांतता होती, त्याच माळा, पाटावरचे पाने. पण मागच्या बाजूने एक गुरगुर येत होती.

यंत्र चालू होतं. त्याच्यासाठी विजेची वेगळी तार ओढलेली होती, मेन स्विचला वळसा घालून. माळ घातलेली होती आणि ती यंत्राबरोबर थरथरत होती. पाकळ्या सुटून खाली पडत होत्या. यंत्राभोवती फरशीवर पिवळं वर्तुळ झालं होतं. रामदास शेजारी उभा होता, केस पिकलेले, तळहात पिंपावर.

"हिला बंद नाही करत?" मी विचारलं.

"हिची पूजा चालू असतानाच करतो. भटजी पयल्यांदा नाय म्हणाले. मग म्हणले, करा." त्याने मला निरखून बघितलं. "तुम्ही साहेबांच्या घरात वर राहायच्या ना, ताई? पेपरवाल्या."

मी हो म्हणाले. स्वच्छ पाण्याच्या नळाखाली ग्लास ठेवलेला होता, पाहुण्यांना दाखवायला. मी पुढे होऊन तो उचलायला गेले.

"ते असू द्या," रामदास म्हणाला. तो मागच्या भिंतीकडे चालू लागला होता. टाकीपाशी पोचून तो वाकला आणि त्याने झाकण उचललं.

"आधी हे बघा."